आपले संबंध चांगले आहेत

बाबा,

आत्याचा धाकटा गेला. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि आता माझ्याशिवाय सांगणारं कोण आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होता. तुमच्या आठवणीत तो तसाच असेल, शर्टाच्या खिशात टेस्टर खोवलेला आणि आपल्या क्वार्टरमधला कुठला तरी बिघडलेला बोर्ड उघडून बसलेला. तुम्हाला खांदा द्यायची वेळ आली तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं की मुलीनं मागे राहावं. तो पुढच्या बाजूला होता. बाजूला सरकून त्यानं मला जागा करून दिली. मला सख्खा भाऊ नाही हे मी त्या दिवसापासून विसरले.

तेहतीस वर्षांचा झाला होता तो. लढाईत गेला, आणि लढाई आपली नव्हती. तुमच्या जुन्या ॲटलासात तो सगळा मुलूख एकच देश आहे, फिक्या गुलाबी रंगाचा, दोन पानांवर पसरलेला. आता त्याच गुलाबी रंगाचे दोन तुकडे एकमेकांवर तोफा डागत आहेत. रशिया आणि युक्रेन. तीन-चार वर्षं होत आली. सुरुवातीला आम्ही रोज बघत होतो, मग बघेनासे झालो. तुम्ही असतात तर ॲटलास काढला असतात. संध्याकाळच्या रेडिओच्या बातम्यांत एखाद्या देशाचं नाव आलं की तो नकाशावर सापडल्याशिवाय तुम्ही जेवायला बसत नव्हता, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "भाकर थंडी होऊन राहिली, तुमचा देश काही पळून नाही चालला." मला त्या देशांची नावं तशीच पाठ झाली, भाकरी थंड होता होता.

त्या स्वयंपाकघरातला एक दिवस मी कधीच विसरले नाही. कारगिलचा उन्हाळा. तुमच्या कारखान्यात तेव्हा डबल शिफ्ट चालू होती, दारूगोळा कमी पडत होता म्हणत. तुम्ही दुपारी घरी आलात, आंघोळ करून पाटावर बसलात. दारातून पुढच्या खोलीतला टीव्ही दिसत होता. डोंगरावर आपल्या तोफा धडधडत होत्या, आणि मी, कॉलेजात जाणारी मुलगी, प्रत्येक आवाजाला टाळ्या वाजवत होते. तुम्ही घास खाली ठेवलात. "टाळ्या काहून वाजवून राहिली?" मी म्हटलं, आपले जिंकत आहेत ना. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "तो गोळा कदाचित म्याच पास केला असंन. जिथं पडला तिथंबी कोणाचा तरी पोरगा असंन. देश राखा लागते, म्हणून मी ते काम करतो. मले त्याची लाज नाई. पण टाळ्या नको वाजवू." एवढं बोलून तुम्ही पुन्हा जेवायला लागलात. मला तेव्हा राग आला होता. वाटलं, आपला बाप भित्रा आहे. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, पण तुम्हाला कळलं असणार.

माझा डिप्लोमा झाला तेव्हा तुम्ही मला तुमची व्हर्नियर दिलीत, लाकडी पेटीतली, जिनं तुम्ही एकतीस वर्षं मापं घेतलीत. सोबत एकच वाक्य दिलंत, "सोता माप घेतल्याशिवाय शिक्का मारू नको." हिंगण्याला नोकरी लागली तेव्हा आमच्या कंपनीत ट्रॅक्टरचे आणि पंपाचे सुटे भाग बनत. तपासणी विभागात मी एकटी बाई. तुम्ही खूश झालात की आपली पोरगी गोळ्यांचं नाही, शेतीचं सामान तपासते. ते तुम्ही असेपर्यंत खरं होतं. मध्यंतरी काम इतकं कमी झालं की दोन शेड बंद पडल्या, कंपनीची बस निम्मी रिकामी यायला लागली. मग तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या देशाची मोठी ऑर्डर आली. तोफगोळ्याचं बाहेरचं पोलादी कवच. दारू भरायचं काम दुसरीकडे, आमच्याकडे फक्त रिकामं कवच. त्याला इंग्रजीत शेल बॉडी म्हणतात, आणि शेडमध्ये सगळे नुसतं बॉडी म्हणतात. "मॅडम, आज किती बॉडी पास झाल्या?" "दुपारच्या गाडीत किती बॉडी चालल्या?" मीही तसंच म्हणायला लागले. बस पुन्हा भरून यायला लागली. लोकांनी पेढे वाटले, मी खाल्ले.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

गेल्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एका रविवारी तो प्रताप नगरला आमच्याकडे आला. त्याचं कंत्राटी काम सुटलं होतं. सहा वर्षांची मुलगी, बायको, आत्या, सगळे नंदनवनच्या त्याच दोन खोल्यांत. त्याला कुणीतरी एजंट भेटला होता. रशियात गोदामात इलेक्ट्रिशियनचं काम, राहणं-खाणं त्यांचं. त्यानं मोबाइलवर कराराचा कागद दाखवला. आठ पानं, सगळी त्यांच्या लिपीत. "ताई, तू पेपर-बिपर वाचतं. तूच सांग. जाऊ का नको?"

बाबा, मी त्या दिवसांत फार बोलत होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज चर्चा चालायची, आपण तेल कुणाकडून घेतो, कोण आपल्यावर दबाव आणतं, आपण कसे कुणाला भीक घालत नाही. मी टीव्हीवर रात्री ऐकलेलं सकाळी तिथं लिहायचे आणि खाली झेंडा टाकायचे. लोक त्याला लाइकचा अंगठा द्यायचे. मला वाटायचं, ॲटलासवाल्या बापाची लेक आहे, मला यातलं कळतं. तर त्या रविवारी मी चहा ओतता ओतता त्याला पूर्ण परराष्ट्र धोरण समजावून सांगितलं. आपण त्यांचं तेल घेतो. जुनी दोस्ती आहे, बाबांच्या वेळेपासूनची. लढाई तिकडे सीमेवर आहे, गोदाम हजार किलोमीटर आत. भारतीय माणसाला ते हात लावणार नाहीत. "आपले संबंध चांगले आहेत," मी म्हटलं. "जा तू."

तो हसला. म्हणाला, "मंग आईले मी सांगतो. तू म्हटलं तर ती ऐकते." कागद मी मोबाइलवर वर-खाली सरकवून बघितला आणि परत दिला. एक ओळ मला वाचता आली नव्हती. तरीही असं वर-खाली बघून दिलं की जणू बघितलं.

पहिले दहा-बारा दिवस तो व्हिडिओ कॉल करत होता. बर्फ दाखवला. मुलीला म्हणाला, "पाय, फ्रीजमधी राहून राहिला तुहा बाबा." मग दोन आठवडे काही नाही. मग एका दुपारी मी कंपनीच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसले असताना त्याचा आवाजी मेसेज आला. मी तो इतक्या वेळा ऐकला आहे की शब्द चुकणार नाहीत. "ताई, इथं गोदाम-बिदाम काही नाही. आम्हाले वर्दी देली. बंदूक शिकवून राहिले. पासपोर्ट घेऊन घेतला. आईले सांगू नको. तू पाह्यला होता नं तो कागद? त्यात वापस याचं काही लिहून आहे काय?"

संध्याकाळी घरी येऊन मी तो कागद, जाताना त्यानं भरून मला पाठवलेला, माझ्या मुलीला दाखवला. तिनं तिच्या फोनमध्ये प्रत्येक पानाचा फोटो घेतला आणि अक्षरं आपोआप आपल्या भाषेत आली. मोडकी-तोडकी, पण कळण्यासारखी. सैन्यातली सेवा. एक वर्ष. मुदत वाढवायचा अधिकार त्यांचा. मृत्यू झाल्यास कुणाला कळवायचं त्याची रिकामी जागा, आणि त्या जागेत त्यानं आपल्या अक्षरात आत्याचं नाव लिहिलेलं. मुलीला हे करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती त्या रविवारी आतल्या खोलीतच बसली होती.

मग धावपळ. अर्ज मीच लिहिले, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. आत्याला शेवटी सांगावंच लागलं. तिला घेऊन मी खासदारांच्या कार्यालयात गेले. तिथला माणूस चांगला होता, त्यानं आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "माताजी, चिंता नका करू. दिल्लीले पाठवून देतो. आपले संबंध चांगले आहेत त्यांच्यासोबत, होऊन जाईन काम." आत्यानं त्याच्याकडे बघून हात जोडले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. माझंच वाक्य, तोच सूर, तीच खात्री. त्यालाही ते कुणीतरी सांगितलं असणार.

दिल्लीहून उत्तर यायचं, प्रकरण संबंधितांकडे मांडले आहे. काही जण सुटून परत आले अशी बातमी वाचली, त्यांत दुसऱ्या राज्यांतले होते, आपल्याकडचं कुणी नव्हतं. ग्रुपवर मी काही लिहीत नव्हते. एकदा कुणीतरी तिथं ती बातमी टाकली तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, लालचीपायी जातात आणि मग देशाच्या नावानं रडतात. त्याच्याखाली चार अंगठे. त्यांना माहीत नव्हतं की अशा गेलेल्यांतला एक माझा आहे. मी सांगितलंही नाही.

कंपनीत बॉडी चालूच होत्या. ज्या खोक्यांत त्या भरल्या जातात त्यांच्यावर युरोपातल्या एका गावाचं नाव असतं. ॲटलासात मी ते शोधलं. लढाईपासून दोन देश अलीकडे. पाठवणी विभागातल्या माणसाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिथून पुढे कुठे जातात? तो म्हणाला, "मॅडम, आपल्या गेटच्या बाहेर गेलं का आपलं काम संपलं. कोणी म्हणते तिथंच ठेवते, कोणी म्हणते समोर युक्रेनले देते. कोणाले माहीत." मी साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात स्वतः आले होते. मी म्हटलं, मला पंपाच्या लाइनवर टाका. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले. "ताई, सगळं सरकारी परवान्यानं आहे. कायदेशीर आहे. आणि हे तपासाले तुमच्याशिवाय माह्यापाशी माणूस नाही. तुम्ही हटल्या तर लाइन थांबते, लाइन थांबली तर शंभर घरं." मग हळूच म्हणाले, "तुमचा भाऊ ज्या बाजूले आहे, त्यांचं तेल आपण सगळेच जाळून राहिलो नं."

मी शेडमध्ये परत गेले. तुमच्याकडे यावर उत्तर असतं का? तुम्ही म्हणायचात, आपला देश कुणाच्या गटात नाही, म्हणून दोघांनाही खरं सांगू शकतो. मी हे शाळेत निबंधात लिहिलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं. आता वाटतं, दोघांनाही काही ना काही पुरवतो, आणि खरं कुणालाच सांगत नाही. पण हेसुद्धा मी टीव्ही बघूनच बोलते आहे. मला आता माझ्या कुठल्याच मताचा भरवसा वाटत नाही.

त्याचा शेवटचा फोन पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. रेंज तुटत होती. आत्याशी बोलला, मुलीशी बोलला, मग मला म्हणाला, "ताई, इथं आवाज खूप होते. डाव्या कानानं ऐकू येऊन नाही राहिलं." तुमचाही डावाच कान गेला होता बाबा, कारखान्यात. तो लहानपणी तुमच्या उजव्या बाजूला बसायचा, मुद्दाम, म्हणजे तुम्हाला ऐकू यावं. मी त्याला काय म्हणाले? म्हणाले, अर्ज दिला आहे, होईल.

दुसऱ्या आठवड्यात मी कामावर एक गोष्ट केली. सकाळी पहिल्या ट्रेमधल्या बॉडी घेतल्या आणि एकेक नापास करत गेले. माप बरोबर होतं. मी लाल खूण करत गेले. दुपारपर्यंत अख्खा लॉट लाल झाला होता. माझ्या शिक्क्यावर कुणी शंका घेत नाही. मग त्या मशीनचा ऑपरेटर आला, माझ्याच वयाचा माणूस, बावीस वर्षं माझ्याबरोबर काम करतो. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मॅडम, माह्यं काय चुकलं? म्या चार-चारदा सेटिंग पाह्यली. हातच बिघडला काय माह्या?" त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला त्याच्याकडे बघवेना. तो आपले हात बघत होता. मी म्हटलं, नाही, मापायचं गेज खराब होतं, मीच चुकले. आणि त्याच्यासमोर पुन्हा एकेक मापून सगळ्या पास केल्या. तो प्रत्येक बॉडीला मान हलवत होता. शेवटची झाल्यावर म्हणाला, "बरं झालं. जीवच उडाला होता माह्या." माझं बंड एवढंच, अर्ध्या दिवसाचं, आणि ते पडलं कुणावर तर त्याच्यावर.

बातमी दिवाळीनंतर आली. दूतावासातून फोन, मग कागद. त्यात कारण लिहिलं होतं, स्फोटातल्या जखमा. कसला स्फोट, कुणाचा, काही नाही. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. हजारो कारखाने आहेत, शंभर देश बनवतात, आमची खोकी कदाचित त्या गावाच्या कोठारात तशीच बंद पडून असतील. हे मी स्वतःला रोज सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त मला ते मोजून बघता येत नाही.

त्याची पेटी विमानतळावर आली तेव्हा दुपार होती. सीलबंद. उघडू नका म्हणाले. एका कर्मचाऱ्यानं सहीसाठी कागद पुढे केला आणि म्हणाला, "बॉडी चेक करून घ्या म्हणजे पेपर चेक करून घ्या." मी तो कागद वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, मागची बाजू वाचली, खालची बारीक अक्षरं वाचली. मागे लोक ताटकळत होते. मग सही केली.

नंदनवनच्या विहारात लोक जमले, पण काय म्हणावं ते कुणाला कळत नव्हतं. कुणी झेंडा आणला होता, तो उघडावा की नाही यावर दारात कुजबुज झाली, शेवटी तो घडी करूनच परत नेला. शहीद म्हणावं तर देश कुठला? भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. त्याची मुलगी पेटीवर डोकं ठेवून ऐकत होती, आत काही आवाज येतो का. आत्या रडत नव्हती. तिनं मला जवळ ओढलं आणि विचारलं, "तू सांग मले. कोणासाठी गेला वं माह्या लेक? इकडच्यासाठी का तिकडच्यासाठी?" तो जायच्या आधी मी ग्रुपवर वर्षभर लिहीत होते, बाबा, पानं भरतील इतकं. आता मी फक्त तिचा पदर सारखा केला.

मग शेजारच्या बायका तिच्याभोवती बसल्या. कुणीतरी म्हणालं, घरात कुणी शिकलेलं असतं तर अडवलं असतं. आत्या एकदम ताठ झाली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "होतं नं शिकलेलं. इनं सांगतलं होतं त्याले, जाऊ नको म्हणून. माह्या भावाची पोरगी आहे ती. पण त्यानं ऐकलं नाई." बायकांनी माझ्याकडे बघितलं. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं आत्याला जाताना काय सांगितलं होतं, किंवा काहीच सांगितलं नव्हतं आणि हे तिनंच आपल्या मनानं धरलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिचा हात माझ्या हातात होता, आणि मी मान खाली घालून बसून राहिले.

त्याला आता चार महिने झाले. दर रविवारी मी आत्याकडे जाते. ती मला जेवायला वाढते. आलेल्या-गेलेल्याला तेच सांगते, आणि दर वेळी त्यात एखादं वाक्य वाढतं, मी कशी रडले, कसे पाय धरले त्याचे. मी ऐकते.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. दोनदा तसं सुरूही केलं, "आत्या" असं लिहून. मग ते कागद फाडले आणि तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही ते तिला वाचून दाखवू शकत नाही.